ऊस-नोंदीची किल्ली कोणाकडे?



गळीत हंगाम जवळ आला की शेतकी खात्यात एकच प्रश्न शंभर तोंडांनी विचारला जातो : "साहेब, आमच्या उसाला तोड कधी?" पूर्वी या प्रश्नाचे उत्तर गट ऑफिसातल्या जाड नोंदवहीत असे. आता ते संगणकात असते आणि सभासदाला घरबसल्या मोबाईलवर दिसते. सोय झाली, यात शंका नाही. परंतु वही गेली आणि संगणक आला म्हणजे नेमके काय झाले, ती नवी वही कोठे ठेवली आहे, ती कोण उघडू शकतो आणि तिच्यात कोण लिहू शकतो, हे विचारणारा सभासद आम्हांला अजून क्वचितच भेटतो. काट्यावर दहा किलोचा फरक पडला तर आपण चेअरमनसाहेबांपर्यंत जातो. नोंदीच्या बाबतीत मात्र "ते संगणकवाल्यांचं काम" म्हणून सोडून देतो. आमच्या मते हे बरोबर नाही.

आमचे म्हणणे आधीच सांगून टाकतो. मोबाईलवर दिसणारे पान आणि मागची नोंद यांच्यामध्ये एक सांधा असतो. तेथे प्रोग्रॅम डेटाबेसला जोडलेला असतो. या सांध्याची किल्ली कारखान्याच्या हातात असली पाहिजे, आणि त्यातून नोंदीत होणारा प्रत्येक बदल कागदावरच्या खाडाखोडीसारखा उघड दिसला पाहिजे. ही गोष्ट सभासदाला समजण्यासारखी आहे. वाचून पाहा.

आधी डेटाबेस म्हणजे काय ते पाहू. एडगर कॉड नावाचे मूळचे इंग्लंडचे गणिती अमेरिकेत आय.बी.एम. कंपनीच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करीत होते. १९७० साली त्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. त्याचा मतितार्थ असा की, माहिती साध्या टेबलांत, म्हणजे आपल्या रकान्यांच्या वहीसारखी ठेवावी, आणि टेबलांचा एकमेकांशी संबंध त्यांतल्या समान रकान्यांवरून लावावा. आपल्याकडचे उदाहरण घ्या. एका टेबलात सभासद : क्रमांक, नाव, गाव, बँक खाते. दुसऱ्यात ऊस-नोंद : नोंद क्रमांक, सभासद क्रमांक, गट नंबर, जात, क्षेत्र, लागण तारीख. तिसऱ्यात वजन : पावती क्रमांक, नोंद क्रमांक, भरलेले वजन, रिकामे वजन, तारीख. नाव एकाच ठिकाणी लिहिले. बाकी सगळीकडे फक्त क्रमांक. एका गावात एकाच नावाचे चार पाटील असले तरी एकाचा ऊस दुसऱ्याच्या बिलात जाण्याचे कारण राहत नाही. नोंद टेबलात नसलेला सभासद क्रमांक कोणी घालू लागला तर डेटाबेस स्वतःच नाकारतो, अर्थात तसा नियम करणाऱ्याने केला असेल तर. या टेबलांशी बोलण्याची भाषा, एस.क्यू.एल., याच कंपनीतील डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ च्या सुमारास तयार केली. पन्नास वर्षे होऊन गेली, बँका, रेल्वे, वीज मंडळे आजही हीच भाषा बोलतात.

आता सांध्याकडे वळू. आपल्या कारखान्याची सवलतीची साखर आपण कशी उचलतो? खिडकीवर कार्ड दाखवायचे, आतला कारकून नोंद बघतो, गोदामातून पोते आणून देतो. सभासद गोदामात शिरत नाही. शिरायला लागला तर गोदामाची काय अवस्था होईल ते सांगायला नको. वेबचे काम हुबेहूब असेच चालते. तुमच्या मोबाईलवरचे पान ही खिडकी. सर्व्हरवर चालणारा प्रोग्रॅम हा कारकून. डेटाबेस हे गोदाम. तुम्ही सभासद क्रमांक घालून बटन दाबले की मागणी कारकुनाकडे जाते, कारकून गोदामाला विचारतो, "या क्रमांकाच्या नोंदी दे." आलेल्या ओळींतून तो पान तयार करून खिडकीतून तुमच्या हाती देतो. गोदामाचे दार हमरस्त्यावर उघडत नाही, तसा डेटाबेसही उघड्या इंटरनेटवर ठेवायचा नसतो. त्याच्याशी फक्त कारकुनाच्या यंत्राने बोलावे. बाहेरच्या कोणालाही ते दार दिसताच कामा नये.

कारकुनाला गोदाम उघडायला पाच गोष्टी लागतात : गोदाम कोणत्या यंत्रावर आहे, त्याचा दरवाजा क्रमांक कोणता, डेटाबेसचे नाव, वापरणाऱ्याचे नाव आणि पासवर्ड. दरवाजा क्रमांकाला पोर्ट म्हणतात. मायएसक्यूएल असेल तर तो सहसा ३३०६, पोस्टग्रेस असेल तर ५४३२. या पाच गोष्टी मिळाल्या की जोडणी होते. आणि अडचणही येथेच सुरू होते.

पहिली अडचण गर्दीची. तोडणी कार्यक्रम जाहीर होण्याच्या दिवशी सगळा तालुका एकाच वेळी मोबाईल उघडतो. प्रत्येक मागणीसाठी कारकून नवी जोडणी उघडू लागला तर गोदाम थोड्याच वेळात "जागा नाही" म्हणते. पोस्टग्रेस मूळच्या मांडणीत एका वेळी १०० जोडण्या घेतो, मायएसक्यूएल १५१. हे आकडे वाढवता येतात, पण यंत्राची ताकद तेवढीच राहते. त्यावरचा उपाय आपल्याला केन यार्डात रोज दिसतो. प्रत्येक गाडीसाठी नवा काटा कोणी बसवत नाही. दोन-तीन काटे असतात, गाड्या ओळीत उभ्या राहतात आणि काटा मोकळा झाला की पुढची गाडी चढते. तशा थोड्या जोडण्या उघडून ठेवायच्या, आलेल्या मागणीला त्यांतली मोकळी जोडणी द्यायची आणि काम झाले की परत घ्यायची. याला पूल म्हणतात. काम उरकल्यावर जोडणी परत न करणारा प्रोग्रॅम म्हणजे वजन झाल्यावरही काट्यावरून न हलणारा ट्रॅक्टर. असे पाच-पंचवीस झाले की काटा बंद. मग सभासद म्हणतो, "साईट पडली." साईट चांगली उभी असते. काटा अडलेला असतो.

दुसरी अडचण लिपीची. ती लहान दिसते, पण आमच्या लोकांना तिचा फार त्रास झाला आहे. पावतीवर नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे आलेली अनेकांनी पाहिली असतील. बोलणारे दोन, कारकून आणि गोदाम, त्यांनी अक्षरे कोणत्या संकेताने पाठवायची हे जोडणी करतानाच ठरवावे लागते. मायएसक्यूएलची मूळ मांडणी २०१८ साली आठवी आवृत्ती येईपर्यंत पाश्चात्त्य युरोपीय अक्षरांची होती. त्या मांडणीत देवनागरी ओतली की तिची प्रश्नचिन्हे होतात, आणि एकदा तशी साठवली की मूळ नाव परत मिळत नाही. वहीवरून पुन्हा लिहावे लागते. "मराठीत येत नाही, इंग्रजीत नावे घाला" असे कोणी सांगत असेल तर ऐकू नका. येते. जोडणी नीट करायला सांगा.

आता खऱ्या धोक्याकडे येऊ. सभासदाने रकान्यात लिहिलेला मजकूर कारकुनाने जसाच्या तसा आपल्या प्रश्नात चिकटवला तर काय होईल? समजा रकान्यात कोणी क्रमांकाऐवजी "१०५ किंवा १=१" या अर्थाची अक्षरे घातली. कारकून ते तसेच गोदामाला वाचून दाखवणार : "क्रमांक १०५ च्या, किंवा जेथे एक बरोबर एक आहे त्या, सर्व नोंदी दे." एक बरोबर एक तर सगळीकडेच असते! गोदाम इमानदारीने सगळ्या सभासदांची खाती काढून देते. चोराने कुलूप तोडले नाही, कारकुनाच्याच तोंडून आज्ञा वदवली.

ही कल्पित गोष्ट नव्हे. ही युक्ती १९९८ सालापासून जगाला माहीत आहे. तरीही ऑक्टोबर २०१५ मध्ये इंग्लंडमधील टॉकटॉक या टेलिफोन कंपनीच्या १,५६,९५९ ग्राहकांची माहिती याच मार्गाने गेली, त्यांपैकी १५,६५६ जणांचे बँक खाते क्रमांकही गेले. पुढच्या वर्षी तेथील माहिती आयुक्तांनी कंपनीला चार लाख पौंड दंड केला. चौकशीत निघाले काय, तर ती पाने टॉकटॉकने २००९ साली विकत घेतलेल्या दुसऱ्या कंपनीची जुनी पाने होती. ती अजून चालू आहेत, हे टॉकटॉकला ठाऊकच नव्हते. मागचा डेटाबेसही जुन्या आवृत्तीचा, आणि त्याची दुरुस्ती तीन वर्षांपूर्वीच उपलब्ध झालेली. आमच्या मते आपल्या संचालक मंडळाने हे उदाहरण नीट वाचावे, कारण जुन्या हंगामाची पाने कोणीतरी चालू ठेवून विसरून जाणे आपल्याकडेही अवघड नाही. सभासदांचे आधार, खाते, मोबाईल नंबर, सगळे तेथे आहे. २०२३ साली संसदेने व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा केला आहे. माहिती सांभाळण्याची जबाबदारी ती गोळा करणाऱ्यावर आहे. उद्या "ठेकेदाराकडून गेली" एवढे सांगून सुटका होईल, असे कोणी समजू नये.

उपाय साधा आहे, खर्चाचा तर अजिबात नाही. आपले छापील फॉर्म आठवा. मजकूर छापलेला असतो, फक्त रकाना मोकळा असतो. रकान्यात कोणी काही लिहिले तरी छापील मजकूर बदलत नाही. तसेच प्रश्न आधी बांधून गोदामाकडे द्यायचा आणि सभासदाचा क्रमांक नंतर वेगळा पाठवायचा. मग रकान्यात "किंवा १=१" घातले तरी गोदाम त्या नावाचा सभासद शोधते, सापडत नाही आणि गप्प बसते. पी.एच.पी. या भाषेत ही सोय पी.डी.ओ. नावाने २००५ पासून आहे. तिच्यातली मायएसक्यूएलची जी जुनी जोडणी लोक सर्रास वापरत, ती २०१५ अखेरच्या सातव्या आवृत्तीतून काढूनच टाकली. म्हणून आजही कोणी त्या जुन्या जोडणीवर प्रोग्रॅम चालवत असेल तर तो दहा वर्षांपेक्षा जुन्या भाषेवर बसला आहे, असे खुशाल समजावे.

यापुढची पायरी किल्लीची. डेटाबेसमध्ये वेगवेगळ्या वापरणाऱ्यांना वेगवेगळे अधिकार देता येतात. फक्त वाचणे, नवी ओळ घालणे, ओळ बदलणे, ओळ पुसणे, हे चार अधिकार अलग अलग आहेत. सभासदाला माहिती दाखवणाऱ्या पानाला वाचण्यापलीकडे काहीही लागत नाही. वजनकाट्याच्या प्रोग्रॅमला नवी पावती घालायची असते, जुनी बदलायची नसते. पण आळस म्हणा, घाई म्हणा, बहुतेक ठिकाणी सगळ्या प्रोग्रॅमांना मालकाची सर्वाधिकारी किल्ली देऊन ठेवलेली असते. साखर विकणाऱ्या कारकुनाच्या हाती गोदाम, तिजोरी आणि बॉयलर या तिघांच्या किल्ल्या देण्यातलाच हा प्रकार.

आणि ती किल्ली ठेवतात कोठे? प्रोग्रॅमच्या मजकुरातच लिहून! एका कारखान्यात आम्ही हे पाहिले आहे, नाव सांगण्याचे कारण नाही. ठेकेदाराने पासवर्ड प्रोग्रॅममध्ये लिहिला, तोच पासवर्ड त्याच्या इतर गिऱ्हाइकांकडेही होता, आणि कराराची मुदत संपल्यावर कारखान्याकडे स्वतःच्या नोंदी उघडायला काहीच नव्हते. ऐन नोव्हेंबरात गाड्या उभ्या राहण्याची वेळ आली. शेवटी ठेकेदाराने मागितले तेवढे पैसे देऊन स्वतःचीच वही विकत घ्यावी लागली. पासवर्ड प्रोग्रॅमच्या बाहेर, सर्व्हरच्या मांडणीत ठेवावा, तो दर हंगामाला बदलावा, आणि मुख्य किल्ली कार्यकारी संचालकांच्या ताब्यात लखोट्यात बंद असावी.

बिलाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. काट्यावर गाडीचे रिकामे वजन झाले की एकाच वेळी तीन कामे होतात : पावतीत निव्वळ वजन लिहायचे, नोंदीतील शिल्लक क्षेत्र कमी करायचे, सभासदाच्या खात्यावर टनेज चढवायचे. दुसरे काम झाले आणि वीज गेली तर? क्षेत्र संपले, टनेज चढले नाही. म्हणून तिन्ही कामे एका गाठीत बांधायची : झाली तर तिन्ही, नाहीतर एकही नाही. डेटाबेस हे करतो, पण गाठ कोठे सुरू होते आणि कोठे संपते ते जोडणीवरून प्रोग्रॅमने सांगावे लागते. ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे असतात. अर्धवट नोंदी निस्तरण्यातच ते दिवस जाऊ लागले तर सभासदाचा संताप रास्तच आहे.

आता ज्यासाठी हा लेख लिहिला त्या मुद्द्याकडे येतो. तोडणीचा क्रम लागण तारखेवर लागतो. जुलै-ऑगस्टची आडसाली आधी, मग पूर्वहंगामी, मग सुरू, खोडव्याचे आपले वेगळे. लागण तारीख पंधरा दिवस मागे सरकवली की माणूस यादीत दोन-तीनशे नंबर वर येतो. ज्याचा नंबर खाली गेला त्याचा ऊस तुरा येऊन उभा राहतो, आतून पोकळ पडतो, वजन घटते. त्याला कळतही नाही की आपण खाली का गेलो. वहीत कोणी तारीख बदलली तर शाई वेगळी दिसायची, खाडाखोड दिसायची, पान फाडले तर पान क्रमांक बोंब मारायचा. डेटाबेसमध्ये तारीख बदलली की जुनी तारीख नाहीशी. शाई नाही, डाग नाही. म्हणून संगणकाची नोंद वहीपेक्षा आपोआप विश्वासार्ह आहे, हे म्हणणे आम्हांला मान्य नाही. तशी ती करावी लागते.

कशी करायची? डेटाबेसमध्येच असा नियम बसवता येतो की नोंद टेबलात काहीही बदलले की जुनी किंमत, नवी किंमत, तारीख-वेळ आणि बदलणाऱ्याचे नाव दुसऱ्या टेबलात आपोआप लिहिले जावे. याला ट्रिगर म्हणतात. त्या दुसऱ्या टेबलावर प्रोग्रॅमला पुसण्याचा अधिकार द्यायचाच नाही. पण यातही एक खोच आहे. वेब प्रोग्रॅम सगळ्यांच्या वतीने एकाच नावाने गोदामात जातो. त्यामुळे डेटाबेसला विचारले, "तारीख कोणी बदलली?" तर उत्तर येते, "वेबने." हा वेब कोण? ना गटाचा, ना गावाचा! म्हणून कोणत्या कर्मचाऱ्याने लॉगिन केले आहे ते प्रोग्रॅमने प्रत्येक बदलाबरोबर गोदामाला सांगितले पाहिजे. हे केलेले नसेल तर खाडाखोडीची वही नुसती दाखवायची राहील.

काही मंडळी म्हणतात, परत वहीच बरी. नाही बुवा. वही एका कपाटात असते, कपाटाची किल्ली एकाच्या खिशात असते, आणि गाव सोडून पुण्या-मुंबईत असलेल्या सभासदाला ती कधीच दिसत नसे. आणखी काही म्हणतात, सभासदाला यातले काय कळते, उगाच संशय वाढेल. काट्यावर उभे राहून वजन पाहण्याचा हक्क सभासदाला आहे, त्याने काट्यावरचा संशय वाढला की कमी झाला? आमचा अनुभव तरी कमी झाला असाच आहे.

म्हणून येत्या वार्षिक सभेत सभासदांनी चार गोष्टी विचाराव्यात असे आम्ही सुचवतो. मुख्य किल्ली कारखान्याच्या ताब्यात आहे काय? सभासदाच्या पानाला फक्त वाचण्याचा अधिकार आहे काय? नोंदीतील बदलांची वही चालू आहे काय, आणि आपल्या नोंदीत झालेला बदल सभासदाला स्वतःच्या मोबाईलवर दिसेल काय? आणि नोंदींची रोजची प्रत घेतली जाते ती कधी दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहिली आहे काय? प्रत घेतो असे सगळेच सांगतात. उघडून पाहणारा विरळा.

यातल्या तिसऱ्या प्रश्नाने सर्वांत आधी आमच्याच खात्याचे हात बांधले जाणार आहेत, याची आम्हांला कल्पना आहे. आमच्या काही सहकाऱ्यांना ते जाचक वाटेल. "अण्णा, तेवढी तारीख बघा की" असा फोन गावाकडून आला की नाही म्हणणे जड जाते, पुढच्या माणसाशी नाते असते, लग्नकार्यात गाठ पडते. पण लागण तारीख खरोखर चुकली असेल तर सातबारा आणि पाणीपट्टीची पावती घेऊन गट ऑफिसात लेखी अर्ज द्यावा. शेतावर पाहणी होईल, पाहणी करणाऱ्याचे नाव नोंदीत चढेल आणि बदल त्या गावच्या फलकावर लागेल. नुसत्या फोनवर तारीख बदलण्याचा अधिकार शेतकी खात्यात कोणालाही, आम्हांला धरून, असू नये, असा ठराव मंडळाने करावा.